घरात यकृताच्या प्रगत आजाराचा रुग्ण असताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोडला आमच्या घरी माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, लिव्हर सिरॉसिसच्या शेवटच्या टप्प्यात चार वर्षे शुश्रूषा करावी लागली. त्या काळात आणि त्यानंतरही ओळखीच्या कुटुंबांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांचे प्रमाण रुग्णागणिक बदलते आणि ते ठरवण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच आहे. मात्र डॉक्टर रुग्णाला महिन्यातून दहा मिनिटे पाहतात आणि आपण चोवीस तास पाहतो, त्यामुळे काय पाहायचे हे घरच्यांना नेमके माहीत असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

डॉक्टरांनी ‘डीकॉम्पेन्सेटेड सिरॉसिस’ असे लिहून दिले आहे. याचा अर्थ काय?

सिरॉसिस म्हणजे यकृताच्या मऊ पेशींची जागा हळूहळू कडक, व्रणासारख्या ऊतीने घेणे. बराच काळ उरलेले यकृत काम निभावून नेते आणि रुग्णाला काही जाणवतही नाही. पोटात पाणी होणे, कावीळ होणे, रक्ताची उलटी होणे किंवा बुद्धीत भ्रम निर्माण होणे यांपैकी एखादी गोष्ट पहिल्यांदा घडते, तेव्हा यकृताची ही निभावून नेण्याची ताकद संपत आली आहे असे समजतात, आणि त्या अवस्थेला हा शब्द वापरतात. कडक झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही, म्हणून आतड्याकडून यकृताकडे येणाऱ्या शिरेतील दाब वाढतो. पोटातील पाणी आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा यांचे मूळ या वाढलेल्या दाबात आहे.

आमच्या घरात कोणी दारूला स्पर्शही केलेला नाही. मग हा आजार कसा झाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा आवाज खाली करून विचारला जातो, कारण लिव्हरचा आजार म्हणजे दारूच, असे शेजारीपाजारी गृहीत धरतात. दारू हे मोठे कारण आहेच. परंतु मधुमेह आणि स्थूलपणा यांच्यासोबत येणारे फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच यकृतावर केलेला हल्ला आणि काही आनुवंशिक आजार यांमुळेही सिरॉसिस होतो. अण्णांना वीस वर्षांचा मधुमेह होता. कारण कोणतेही असो, रुग्णाला दोष देत बसल्याने शुश्रूषा सोपी होत नाही.

खायला काय द्यावे? सगळे म्हणतात की तेल, तूप, डाळ, अंडी सगळे बंद करा.

हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि प्रगत सिरॉसिसमध्ये तो रुग्णाचे मोठे नुकसान करतो. आम्हीही पहिले तीन महिने अण्णांना मऊ भात, वरणाचे वरचे पाणी आणि उसाचा रस यांवर ठेवले होते. मधुमेह असताना उसाचा रस दिला, हे आज लिहितानाही मला टोचते. त्या तीन महिन्यांत त्यांचे पोट वाढत गेले आणि दंड मात्र काडीसारखे झाले. मनगटावरचे घड्याळ कोपरापर्यंत सरकायचे आणि लेंग्याची नाडी पुरायची नाही. वजनकाट्यावर आकडा तोच होता, कारण झिजलेल्या स्नायूंचे वजन पोटातल्या पाण्याने भरून काढले होते.

खराब झालेले यकृत साखरेचा पुरेसा साठा करू शकत नाही. निरोगी माणसाचे शरीर दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानंतर ज्या अवस्थेला पोहोचते, तेथे हा रुग्ण एका रात्रीच्या उपाशीपणात पोहोचतो आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. म्हणून दिवसा तीन-चार तासांपेक्षा अधिक काळ पोट रिकामे ठेवू नये आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्यावेच. आमच्याकडे रात्री साडेनऊला बिनमिठाची अर्धी भाकरी आणि वाटीभर दूध, किंवा घरच्या पनीरचे चार तुकडे असे ठरलेले असे.

प्रथिनांचे प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम असावे, असे सध्याचे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. पाण्याचे वजन वगळून ६० किलोच्या माणसाला हे ७२ ते ९० ग्रॅम होतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि पेलाभर दुधात साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात, घट्ट वरणाच्या वाटीतही जवळपास तितकीच मिळतात, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा गाठणे किती अवघड आहे ते कळते. प्रथिनांमुळे भ्रम वाढतो, या जुन्या समजुतीमुळे डाळ बंद करू नये. ज्यांना मांसाहाराने त्रास होतो, त्यांना डाळी, दही, पनीर, सोयाबीन यांची प्रथिने सहसा चांगली पचतात. पोटातल्या पाण्यामुळे चार घासांतच पोट भरल्यासारखे वाटते, म्हणून एका वेळी थोडे आणि दिवसातून सहा वेळा, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

मीठ किती? सैंधव चालेल का?

पोटात पाणी असेल तर दिवसभरातील एकूण मीठ साधारण ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याएवढे ठेवावे लागते. त्यात स्वयंपाकातले, बिस्किटातले, पावातले असे सर्व मीठ धरायचे. पापड, लोणचे, कुरडई, शेव, फरसाण आणि नाशिककरांना प्रिय असलेला चिवडा यांवर पाणी सोडावे लागते, आणि मिसळ तर नकोच, कारण तर्री आणि शेव या दोन्हींत मीठ भरपूर असते. सैंधव आणि काळे मीठ हेही मीठच आहे, त्यामुळे त्याने काहीही वाचत नाही. खाण्याचा सोडा आणि पित्तासाठी पाण्यात टाकून घेतात ती फसफसणारी पावडर यांतही सोडियम असते. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते आणि रुग्ण स्पायरोनोलॅक्टोनसारखी लघवी वाढवणारी गोळी घेत असेल तर रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये. लिंबू, कोकम, जिरे, ओवा, लसूण आणि कोथिंबीर यांवर जीभ दोन-तीन आठवड्यांत रुळते. मात्र अळणी जेवण रुग्णाच्या घशाखाली उतरतच नसेल, तर उपाशी ठेवण्यापेक्षा चिमूटभर मीठ घालून जेवू घालणे बरे, असे आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

पिण्याचे पाणी मात्र स्वतःहून कमी करू नये. रक्तातील सोडियम फार खाली गेले तरच डॉक्टर ते मोजून द्यायला सांगतात.

एकादशी, चतुर्थी, नवरात्राचे उपवास करता येतील का? रामकुंडाचे तीर्थ द्यावे का?

उपवास करू देऊ नये. कारण वर आलेच आहे. अण्णांनी चाळीस वर्षे एकादशी धरली होती आणि ती सोडायला लावताना घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी आईने ‘तुमची एकादशी मी धरते’ असे सांगितले आणि प्रश्न मिटला. तीर्थाबाबत एवढेच सांगते की या रुग्णांची जंतूंशी लढण्याची ताकद फार कमी झालेली असते, म्हणून नदीचे न उकळलेले पाणी पोटात जाऊ नये. तीर्थ कपाळाला आणि डोळ्यांना लावावे, आचमन करू नये.

पोटातील पाण्यावर घरी लक्ष कसे ठेवावे?

रोज सकाळी शौच झाल्यावर, काही खाण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि तेवढ्याच कपड्यांत वजन करावे आणि लिहून ठेवावे. चार-पाच दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी वजन फार झपाट्याने उतरणेही चांगले नाही. पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, कारण त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. या गोळ्या सकाळीच द्याव्यात, म्हणजे रात्री अंधारात उठताना पडण्याचा धोका टळतो. न्हाणीघराची आतली कडी आम्ही काढूनच टाकली होती.

गोळ्यांना दाद मिळेनाशी झाली की सुई घालून पाणी काढतात, ज्याला रुग्णालयात सगळे ‘टॅपिंग’ म्हणतात. एका वेळी पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढले तर शिरेतून अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन द्यावे लागते आणि ते महाग असते, म्हणून आधीच चौकशी करून ठेवावी. पोटातील पाण्याला जंतुसंसर्ग झाला तर ताप, पोटदुखी किंवा अचानक आलेली सुस्ती एवढेच दिसते, आणि कधी कधी तेही दिसत नाही. अशा वेळी पाण्याचा नमुना त्याच दिवशी तपासला गेला पाहिजे. बेंबी फुगून बाहेर आली असेल आणि तिच्यावरची कातडी पातळ, चकचकीत किंवा ओली दिसू लागली तर तेही तातडीने दाखवावे.

ते कधी कधी असंबद्ध बोलतात, दिवसा झोपतात आणि रात्रभर जागतात. हे वयामुळे आहे का?

बहुधा नाही. आतड्यात तयार होणारी अमोनियासारखी द्रव्ये यकृताने गाळायची असतात. ती न गाळता मेंदूपर्यंत पोहोचली की हा भ्रम होतो. घरोघरी याला ‘अमोनिया वाढला’ म्हणतात. सुरुवात अत्यंत सूक्ष्म असते. झोपेचे चक्र उलटे होते, माणूस चिडचिडा होतो, सदऱ्याच्या गुंड्या चुकतात, रोजच्या रस्त्यावर गोंधळतो. पुढे हात समोर ताणून धरायला सांगितले की तळवे पंख फडफडावेत तसे हलू लागतात. शांत माणूस शिव्या देऊ लागला तर ते त्याचे खरे रूप नसून आजार आहे, हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, सांगून ठेवावे.

अण्णांनी आयुष्यभर प्रेसमध्ये छापील ताव तपासण्याचे काम केले होते आणि त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. म्हणून मी एक शंभर पानी वही केली. रोज सकाळी चहानंतर ते त्यात तारीख, स्वतःचे पूर्ण नाव आणि पेन न उचलता काढलेली पाच टोकांची चांदणी, एवढे करीत. पौषातल्या एका सकाळी चांदणीचे शेवटचे टोक सुरुवातीच्या रेघेला येऊन मिळालेच नाही आणि सहीतला आडनावाचा अर्धा भाग ओळ सोडून खाली घसरला. ‘बरोबर आहे की,’ असे म्हणून त्यांनी वही मिटली. बोलण्यात तोपर्यंत काहीही चूक नव्हती. मी मागच्या पानांवरच्या माझ्या शौचाच्या नोंदी पाहिल्या तेव्हा लक्षात आले की, लग्नाच्या गडबडीत दोन दिवस त्यांना शौचाला झालेले नव्हते. दुपारपर्यंत ते गाढ सुस्तीत गेले, पण तोपर्यंत आम्ही रुग्णालयात पोहोचलो होतो आणि वेळेवर एनिमा आणि औषध मिळाल्याने दुसऱ्या दिवशी ते नातवाला नावाने हाक मारीत होते. अशी वही प्रत्येक घरात असावी, असे मी कळकळीने सांगते.

या भ्रमाला चालना देणारी कारणे बहुतेक वेळा सापडतात. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव, जुलाब किंवा उलट्यांनी अंगातले पाणी कमी होणे आणि झोपेच्या गोळ्या ही त्यांतील नेहमीची. म्हणूनच लॅक्टुलोज हे गोड पातळ औषध दिले जाते. दिवसाला दोन ते तीन वेळा मऊ शौच व्हावे, असा त्याचा हिशेब असतो. ‘आता पोट साफ होते’ म्हणून ते बंद करणे ही सर्वात जास्त घडणारी चूक आहे, आणि पाच-सहा पातळ जुलाब होईपर्यंत देत राहणे ही दुसरी. सोबत रिफाक्सिमिन या आतड्यातील जंतूंवरच्या औषधाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्याही चुकवू नयेत. एकदा असा भ्रम होऊन गेलेल्या माणसाच्या हाती गाडीची किल्ली देऊ नये.

अंगदुखी, झोप न येणे यांसाठी साध्या गोळ्या चालतील का? आयुर्वेदिक, गावठी औषध?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या या रुग्णांना देऊ नयेत, कारण त्यांनी मूत्रपिंडे बंद पडू शकतात आणि रक्तस्रावही होऊ शकतो. गुडघा दुखतो म्हणून एका औषध दुकानातून मीच अशी गोळी चिठ्ठीशिवाय आणली होती. तीन दिवसांत अण्णांची लघवी अर्ध्यावर आली आणि रुग्णालयात नऊ दिवस काढावे लागले. लोकांना आश्चर्य वाटते, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसाला २ ग्रॅमपर्यंत पॅरासिटामॉल हाच त्यातल्या त्यात सुरक्षित पर्याय मानला जातो. झोपेची गोळी तर डॉक्टरांनी स्वतः दिल्याखेरीज नकोच.

कावीळ उतरवण्यासाठी गळ्यात माळ घालणे किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी दाखवणे याने यकृतावर काही परिणाम होत नाही, फक्त मोलाचे दिवस जातात. पोटात घ्यायच्या काढ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असा अर्थ होत नाही. जे काही द्यायचे असेल त्याची बाटली आधी डॉक्टरांना दाखवावी.

कोणत्या परिस्थितीत क्षणभरही थांबू नये?

रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखे काळे चिकट शौच, हाक मारल्यावर नीट जागे न होणे, तापासोबत पोटदुखी, दिवसभर लघवी जवळजवळ न होणे. यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकाला फोन करावा, रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावे आणि तोंडाने काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण शंका असेल तर ती डॉक्टरांनीच फेडावी. नाशिकमध्ये त्र्यंबक रोडचे जिल्हा रुग्णालय, शालिमारचे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय आणि अनेक खासगी रुग्णालये आहेत. परंतु रात्री दोन वाजता एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, फुगलेल्या शिरा बांधण्याची सोय नेमकी कोठे आहे, हे चांगल्या दिवसांतच विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवावे.

दारू सोडायला लावायची आहे. एका दिवसात बंद करावी का?

दारू पूर्ण थांबली पाहिजे, त्यात तडजोड नाही आणि ‘फक्त वाइन’ हीसुद्धा दारूच आहे. मात्र रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी थांबवले तर पहिल्या दोन-चार दिवसांत थरथर, भास आणि आकडी येऊ शकते. यकृताच्या रुग्णात ते जिवावर बेतते, म्हणून हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्यात १९८६ पासून चालू असलेले मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आणि दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘मद्यपी अनामिक’ या गटाच्या मराठीतून होणाऱ्या सभा यांचा अनेक कुटुंबांना आधार झाला आहे. त्यात घरच्यांनीही जावे.

हा आजार घरात इतरांना लागतो का?

सिरॉसिस लागत नाही. त्याचे कारण हिपॅटायटिस बी किंवा सी असेल तर रक्तातून संसर्ग होऊ शकतो, म्हणून वस्तरा, नखे कापायचे यंत्र आणि टूथब्रश वेगळे ठेवावेत. ताट-वाटी वेगळी करून माणसाला अपमानित करण्याचे कारण नाही. घरातील सर्वांनी तपासणी करून बी ची लस घ्यावी. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात या दोन्ही विषाणूंची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात.

यकृत प्रत्यारोपणाचा विचार कधी करावा आणि नाशिकहून कोठे जावे लागते?

पोटात पाणी, भ्रम किंवा रक्तस्राव पहिल्यांदा झाला त्याच वेळी विचारावे, शेवटी नव्हे. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन आणि सोडियम या रक्ततपासण्यांवरून ‘मेल्ड’ नावाचा गुणांक काढतात. तो १५ च्या आसपास किंवा वर गेला की प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला घेण्याची वेळ आलेली असते. बहुतेक कुटुंबे सुमारे २१० किलोमीटरवरील पुण्याला किंवा १७० किलोमीटरवरील मुंबईला जातात. मेंदूमृत दात्याकडून यकृत मिळवण्याच्या प्रतीक्षायादीसाठी नाशिक हे अवयववाटप पाहणाऱ्या पुणे विभागीय समितीच्या कक्षेत येते.

जिवंत दात्याकडून यकृताचा भाग घेता येतो आणि दात्याचे यकृत काही आठवड्यांत बऱ्याच अंशी पुन्हा वाढते. १९९४ च्या कायद्याप्रमाणे आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे ‘जवळचे नातेवाईक’ ठरतात. सून, जावई किंवा मित्र यांना अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीची वेगळी परवानगी लागते. दान ही मोठी शस्त्रक्रिया असते. आमच्या घरात माझ्या भावाचे नाव सर्वांच्या मनात होते, पण ते कोणी उच्चारत नव्हते. त्याला एकट्याला गाठून, ‘नाही म्हणण्याचा तुला पूर्ण हक्क आहे’ असे कोणीतरी सांगणे आवश्यक होते, आणि ते आईने केले. पुढे अण्णांच्या हृदयाच्या तपासणीमुळे प्रत्यारोपण होऊ शकले नाही.

खर्चासाठी काय मदत मिळते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणते उपचार त्यात बसतात ते संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दाखल होतानाच विचारावे. शिधापत्रिका आणि आधार कार्ड पिशवीत कायम असू द्यावे. प्रत्यारोपणासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा यांचीही चौकशी करावी.

रात्रभर अंग खाजवतात, पायात गोळे येतात. काही उपाय?

नखे बारीक कापावीत, कोमट पाण्याने अंघोळ घालावी, ओलसर अंगावरच खोबरेल लावावे आणि सुती कपडे घालावेत. एवढ्याने भागले नाही तर खाजेवर औषध आहे, ते मागून घ्यावे. गोळे येत असतील तर रक्तातील क्षार तपासून घ्यावेत.

मी स्वतः थकून गेले आहे. हे कोणाला सांगायचे?

आधी घरातल्यांना, आणि नेमक्या शब्दांत. ‘कोणी मदत करत नाही’ असे म्हटले की सगळे गप्प बसतात. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री तू झोपायला ये’ असे म्हटले की माणूस येतो. लॅक्टुलोजमुळे कपडे, चादरी दिवसातून तीनदा बदलाव्या लागतात, ते काम एका बाईच्या अंगावर पडते आणि बाकीचे तब्येतीची चौकशी करून जातात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. मोठ्यांचे डायपर आणि रबरी चादर वापरण्यात कमीपणा नाही. सतत रडू येत असेल, झोप उडाली असेल तर स्वतःच्याही तब्येतीसाठी डॉक्टरांना भेटावे.

डॉक्टर म्हणतात, आता करण्यासारखे फार उरले नाही. मग पुढे काय?

करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते, फक्त त्याचा हेतू बदलतो. उपशामक सेवा म्हणजे वेदना, धाप, खाज, मळमळ आणि भीती यांवरचा उपचार. ती अगदी शेवटच्या आठवड्यात सुरू करायची नसते, इतर उपचारांच्या जोडीने आधीच घेता येते. बुद्धी स्वच्छ असलेल्या दिवशी रुग्णालाच विचारावे की, अतिदक्षता विभागात, नळ्या आणि कृत्रिम श्वास हवा की घरी राहायचे आहे. प्रश्न विचारणे अशुभ नाही. अण्णांना मी विचारले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘पलंग पुढच्या खोलीत घ्या, मला गल्ली दिसली पाहिजे.’ घरी ठेवायचे ठरले तरी लॅक्टुलोज चालू ठेवण्याबद्दल, पोट ताणले की टॅपिंगसाठी नेऊन आणण्याबद्दल आणि कोरड्या ओठांना ओला कापूस लावत राहण्याबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्यावे. आपल्या फॅमिली डॉक्टरांनाही या निर्णयाची आधी कल्पना द्यावी आणि ते घरी येऊन वैद्यकीय दाखला देतील ना, हे स्पष्ट विचारून ठेवावे, कारण तो कागद नसेल तर अमरधामात ऐन वेळी घरच्यांची धावपळ होते.